उन्हाचा ताप

छत्रपती संभाजीनगर,
२८ एप्रिल २०२४

ती. ताईस मुकुंदचा नमस्कार.

मी वेळेवर जेवतो. टँकर दिवसाआड येतो. काळजी नसावी.

भानुमतीच्या मृत्यूनंतर राहिलेले कागद आणण्यासाठी काल डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, रक्ताच्या कर्करोगावर नव्या औषधांचा अभ्यास चालू आहे; त्यांमुळे रोगट पेशी मरताना शरीराला हाक देते आणि प्रतिकारशक्ती जागी होते. एरवी ती पेशी मुकाट मरते.

मला पुढे ऐकवेना. भानुमती अंगात ताप असताना टँकरच्या रांगेत उभी राही. "अहो, उन्हाचा आहे, उतरेल," म्हणे. मी पदवीधर असून ते मानले.

तुझ्या पत्रातही उन्हाचाच ताप आहे. गुरुवारी पैठणहून निघ, तुझे रक्त तपासून घेऊ. मला दुसरे काही करता येत नाही. सकाळपासून बसस्थानकावर उभा असेन.

तुझा,
मुकुंद