मुकी जोडणी

सोमवार, २ सप्टेंबर

नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. खिडकीशी टेबल मिळालं. खुर्ची कुरकुरते, पण टेकून बसता येतं. कंपनी छोटी आहे. आम्ही मदतीच्या पेट्या बनवतो. त्या लिफ्टमध्ये, शीतगृहात, एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत भिंतीवर लावतात. लाल बटण दाबलं की पेटी आमच्या सर्व्हरला जोडली जाते आणि फोनवर बसलेल्या मावशी विचारतात, काय झालं. साहेबांना सगळे कॅप्टन म्हणतात, कारण ते कधी खाली बसतच नाहीत, उभ्याउभ्याच हुकूम सोडतात. पण मन मोठं. बाबांसाठी एक पेटी त्यांनी आजच देऊन टाकली.

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे असतात. संध्याकाळी जाऊन खाटेजवळ पेटी लावून आले. पडलोच तर ओरडेन की, या डबीची कसली मिजास, म्हणाले.

मंगळवार, ३ सप्टेंबर

मावशी हसत सांगत होत्या, काल माझी पाठ वळताच बाबांनी बटण दाबलं आणि चहा झाला का म्हणून त्यांनाच विचारलं!

कॅप्टननी काम दिलं. सर्व्हर मधूनमधून अडकतो. कारण पटकन सापडलं. एक पेटी जोडली जाते, पण बोलत काहीच नाही. सर्व्हर तिच्या पहिल्या शब्दाची वाट बघत बसतो, आणि किती वेळ बघायची हे प्रोग्रॅममध्ये कुणी लिहिलेलंच नाही. तोवर बाकीच्यांच्या हाका बाहेर ताटकळतात. माझ्या आधी या खुर्चीवर चष्मिस नावाने ओळखला जाणारा एकजण बसायचा. एवढी साधी गोष्ट तो कसा विसरला?

बुधवार, ४ सप्टेंबर

टाइमआउट घातला. तीस सेकंदांत पेटी बोलली नाही तर जोडणी तोडायची. सर्व्हर सुतासारखा सरळ झाला. कॅप्टननी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

ती मुकी पेटी तुटली की लगेच पुन्हा जोडली जाते. तुटते, पुन्हा येते. बटण अडकलं असणार. उद्या नंबर काढून माणूस पाठवू.

गुरुवार, ५ सप्टेंबर

माणूस पाठवायची गरजच नाही. त्या नंबरची पेटी आमच्याच कपाटात आहे. खालच्या फळीवर, धूळ खात. वायरी कापलेल्या, बॅटरी काढलेली. हातात घेतली तर इतकी गार, की बोटं चिकटली.

जागेवर येऊन बघितलं. जोडणी चालूच होती.

जोडणीच्या पलीकडे कुणी आहे का हे तपासायची एक सोय असते. इकडून नुसतं विचारायचं, आहेस का. मेलेलं यंत्र उत्तर देत नाही.

उत्तर आलं. आहे.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत मावशींना गाठलं. आधी त्या डबा आवरू लागल्या, मग हळूच बोलल्या. एका शीतगृहात यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री आत अडकला होता. त्याने बटण दाबलं, आता कपाटात पडलेल्या त्याच पेटीचं. थंडीने जबडा आखडलेला, तोंडातून शब्द फुटेना. तेव्हाही टाइमआउट होता. सर्व्हरने जोडणी तोडली. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा तोडली. मावशींपर्यंत त्याची हाक पोचलीच नाही. दार उघडलं तेव्हा त्याचा अंगठा बटणावरच होता.

चष्मिस विसरला नव्हता. त्याने टाइमआउट मुद्दाम काढला होता. नंतर नोकरीही सोडली.

आणि मी परवापासून त्या माणसाला किती वेळा तोडलं असेल —

कॅप्टनना सांगितलं. ते म्हणाले, भुताखेतांसाठी सर्व्हर अडवून ठेवू का? तुझे बाबाच पडले आणि लाइन लागली नाही तर?

टाइमआउट तसाच ठेवून मी घरी आले.

सोमवार, ९ सप्टेंबर

राहवेना. दुपारी फक्त त्या एका पेटीपुरता टाइमआउट काढला. वाट बघितली. बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर एकेक अक्षर.

कोण तोडतं?

मला वाटलं, खरं सांगितलं तर सुटेल बिचारा. मी टाइप केलं, मी. माफ करा.

जोडणी बंद झाली. मी नाही तोडली. त्याने स्वतःच बंद केली.

मंगळवार, १० सप्टेंबर

मुकी पेटी आली नाही. कपाटातली पेटी आता गार लागत नाही. सगळं शांत. तो सुटला, की नुसता निघाला?

बुधवार, ११ सप्टेंबर

सकाळी अकराच्या सुमारास जोडणी आली. मुकी. नंबर बघितला.

बाबांचा.

मावशी हाका मारतायत, पलीकडून नुसता दात वाजल्याचा आवाज. मी बाबांना मोबाइल लावला. लगेच उचलला. मी बरा आहे गं, म्हणाले. तुझ्या ऑफिसातला माणूस आलाय. पेटीपाशी बसलाय. बोलत नाही, फार गारठलाय, माझी गोधडी दिली त्याला. तुझीच वाट बघतोय म्हणतोय.

बोलत नाही, तर म्हणतोय कसा?

मी ओरडले, बाबा, बाहेर पडा. बाबा म्हणाले, अगं, खाटेवरून पाय उचलत नाहीयेत. गार पडलेत.

टॅक्सीत. बाबांच्या पेटीचाही टाइमआउट काढलाय, आणि मावशींना सांगून आलेय, ती जोडणी काही झालं तरी तोडू नका. बाबांचा फोन चालू आहे. बोलतायत, पण मध्येमध्ये थांबतात. मी सारखी विचारतेय, बाबा, आहात ना. आहे, म्हणतात.

आता नुसतं हुं.

दारात. हे फोनवर लिहितेय, कुणीतरी वाचावं म्हणून. किल्ली फिरत नाही. कुलूप गोठलंय. शेजारचे काका पहार आणायला धावलेत. दाराखालून वाफ येतेय, पांढरी. आतून बाबा म्हणाले, पोरी, जा तू. तो उठलाय.

बाबा, मी कुठेही जाणार ना —

कडी काढली. आतून. बाबा तर खाटेवर आ