पक्का हिरवा

४ एप्रिल
आजपासून रोजनिशी, कारण आजपासून जबाबदारी. हिच्या नाटकमंडळाची मीटिंग आमच्याच बैठकीच्या खोलीत झाली. बालनाट्य आहे, नायक सरडा. प्रयोग महिनाअखेरीला वाचनालयाच्या अंगणात, भर दुपारी, डोक्यावर छप्पर नाही. तालमीची खोली ड्रायक्लीनरच्या दुकानावर आहे आणि ती त्याला परत हवीय. प्रयोग आवडला तर वाचनालयाचा मागचा हॉल वर्षभर वापरायला देऊ, असं ग्रंथपालबाई म्हणाल्यात. नाही आवडला तर मंडळ बंद. ही हे सगळं फार शांतपणे सांगत होती. ही शांत असली की समजावं, आतून घाबरलेली आहे.

सरडा माझा मेव्हणा होणार. त्या भूमिकेसाठी मीही तयार होतो. कुणी विचारलं नाही. उन्हात अंगभर कापडी पोशाख घातला तर माणूस चक्कर येऊन पडेल, म्हणून चेहरा, मान, हात, पाय थेट रंगवायचे ठरलं. रंगाचं कोण बघेल, असं हिनं विचारताच मी हात वर केला. हिनं आधी बाकी सगळ्यांकडे पाहिलं. मग बरं म्हणाली. त्यापुढे ती रंगाबद्दल बरंच काही सांगत होती, पण तोवर माझं डोकं कामाला लागलं होतं. मुख्य मुद्दा टिपला: हिरवा, उन्हात टिकणारा.

रात्री नाटक वाचायला घेतलं. पहिल्या प्रवेशात सरडा हिरवा आहे. झालं तर मग. पुढचं सवडीने.

६ एप्रिल
मेकअपच्या सामानाचं दुकान. दुकानदारीणबाई फार प्रश्न विचारतात. किती वेळ टिकायला हवा, त्वचा कशी आहे, उतरवायला किती वेळ मिळणार. म्हटलं, उतरवायचं नंतर बघू, आधी चढू तर द्या. पाण्यात भिजवून लावायचा रंग घेतला. स्वस्त आणि हलका.

दुपारी डाव्या हाताला लावून गच्चीवर उभा राहिलो. रंग सुंदर दिसला. मग निघाला. कोपरावरून थेंब थेंब, मग धार. पँट गेली. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर एक ठिपका पडलाय, लहान आहे, बहुतेक दिसणार नाही.

हा रंग बाद.

संध्याकाळी
दिसला.

७ एप्रिल
मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला घाम जरा जास्तच येतो. मामावर लावून बघा, रंग त्याला लावायचाय. वीस वर्षांची आहे, शास्त्र शिकतेय, तरी मुद्दा लक्षात येत नाही. मी समजावलं: माझ्या अंगावर जो टिकेल तो जगात कुणाच्याही अंगावर टिकेल. यालाच कठोर चाचणी म्हणतात. ती पुस्तक उचलून अभ्यासाला गेली. पटलं असावं.

१० एप्रिल
क्रीमचा रंग. तेलकट असल्यामुळे घामाला दाद देत नाही. खरोखरच वाहिला नाही. मात्र मी ज्याला टेकलो त्याला लागला. सोफा, फ्रिजचं दार, वर्तमानपत्र, बाथरूमचा नळ. वरून पावडर मारायची असते, असं डबीवर लिहिलंय. अक्षर इतकं बारीक छापायचं कशाला?

हिनं सोफ्याकडे पाहिलं. फक्त विचारलं, जमतंय ना? म्हटलं, निश्चिंत राहा. हे वाक्य मी लग्नानंतर बऱ्याचदा म्हटलंय. पूर्वी ती त्यावर हसायची.

१३ एप्रिल
घरी ऊन नियमित मिळत नाही. म्हणून क्रीम आणि पावडर मानेला लावून ऑफिसला गेलो. कॉलर वर केली होती. अकराच्या सुमारास पंखा बंद पडला. साहेबांनी जवळ बोलावलं, मग तिथेच थांबा म्हणाले. मानेला काय झालंय विचारलं. नाटकाचं काम आहे, म्हटलं. त्यांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणेपर्यंत घरी राहायला सांगितलं. कलेची कदर असलेली माणसं अजून आहेत.

डॉक्टर म्हणाले, साबणाने धुवा.

१५ एप्रिल
संकल्प: घाम कमी करायचा. हळू चालायचं. चहा बंद. चिडायचं नाही.

१५ एप्रिल, दुपार
चहा घेतला. मेव्हण्यानं फोन करून विचारलं, भावजी, रंगाचं काय? चिडलो. घाम आला.

१९ एप्रिल
सापडला.

स्पिरिटवाला रंग. लावताना गार लागतो, वास डोक्यात जातो, क्षणात वाळतो. चेहऱ्याला, हातांना लावून गच्चीवर बसलो. घाम आला, पण रंगाच्या वरून आला. एक थेंब हिरवा नाही. तासाभरानं रुमालानं पुसलं, रुमाल पांढरा. मला भरून आलं. गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं ते बरं झालं.

संध्याकाळपर्यंत कडेकडेनं सुटायला लागला आणि आंघोळीत निघून गेला. म्हणजे हवा तेवढा टिकतो आणि पाण्यानं जातो. याहून आदर्श काय असतं?

दुकानदारीणबाई रंग उतरवायचं तेल गळ्यात मारत होत्या. म्हणाल्या, त्याशिवाय देणार नाही. म्हटलं, माझ्या अंगावरून आपोआप उतरला. त्या म्हणाल्या, तुमच्या अंगावरून. तेल घेतलं, पण बाहेर येऊन परत आत गेलो आणि बदल्यात हिरव्याचीच आणखी एक बाटली घेतली. टिकाऊ रंगाबरोबर उतरवायचं तेल घेणं म्हणजे स्वतःच्या निवडीवर अविश्वास.

२३ एप्रिल
ही म्हणते, रंगीत तालीम करू. रंग लावून एकदा पूर्ण नाटक. मी नकार दिला. रंग वाया जाईल, उत्सुकता जाईल. ही म्हणाली, दुसऱ्या प्रवेशाचं काय केलंय? म्हटलं, सगळं केलंय. ही म्हणाली, नक्की ना, कारण मला आता आणखी कशाची काळजी करायची ताकद नाही. म्हटलं, नक्की.

दुसरा प्रवेश वाचायला हवा.

२४ एप्रिल
नाटकाची प्रत सापडत नाही. मुलीनं पाठांतरासाठी नेली, ती झुडपाचं काम करतेय. परत मागितली असती, पण मग वाचली नाही असा अर्थ निघाला असता.

२८ एप्रिल, सकाळ
प्रयोग आज. ऊन असं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. मला आनंद झाला. आपल्या रंगाला शोभेल असं ऊन.

२८ एप्रिल, रात्र
लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

मेव्हण्याला दुपारी रंगवलं. एक थर पुरला असता, मी तीन दिले. वरून टिकण्यासाठी फवाराही मारला. मेव्हणा मुळात घाम न येणारा माणूस. रंग असा बसला, जणू जन्मजात. मंडळातल्या सगळ्यांनी वाहवा केली. हिनं लांबून पाहिलं आणि हसली. किती तरी दिवसांनी.

पहिला प्रवेश छान झाला. मुलं हसत होती. ग्रंथपालबाई पुढच्या खुर्चीत. पडदा पडला, ही धावत आत आली आणि माझ्या हातात ओलं फडकं देऊन म्हणाली, चला, पुसा लवकर, लाल करायचाय.

मी विचारलं, लाल का?

ही म्हणाली, अहो, सरडा आहे तो.

दुसऱ्या प्रवेशात तो लाल झुडपात लपतो. तिसऱ्यात वाळक्या गवतात, पिवळा. शेवटी रंग बदलून बदलून कंटाळतो आणि त्याचा माणूस होतो. म्हणून पटकन निघणारा रंग हवा होता. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे.

पुसलं. पाण्यानं, साबणानं, मग नुसत्या जोरानं. मेव्हणा आई गं म्हणाला. फडकं पांढरं ते पांढरंच. वरून लाल लावला तर चिखलासारखा रंग झाला आणि तो ओघळून खालून हिरवा पुन्हा वर आला, अगदी चकचकीत. बाहेर मुलं टाळ्या वाजवायला लागली, त्या कौतुकाच्या नव्हेत, उशीर झाला म्हणून. मी फडकं पिळत होतो. त्यातून पाणीच येत होतं.

हिनं माझ्याकडे पाहिलं नाही. भावाला म्हणाली, आहेस तसा बाहेर जा. आणि त्याच्याआधी स्वतःच रंगमंचावर गेली. मुलांना म्हणाली, या सरड्याची एक गंमत आहे, याला रंगच बदलता येत नाही. तुम्ही मात्र त्याला सांगू नका.

मेव्हणा लाल झुडपामागे लपला. सगळ्यांना दिसत होता. त्याला वाटत होतं आपण दिसत नाही. मुलं लोटपोट झाली. पिवळ्या गवतात लपला तेव्हा तर एक छोटी मुलगी उठून त्याला आपली हिरवी ओढणी पांघरायला गेली. शेवटी तो माणूस झालाच नाही. हिरवाच राहिला आणि कुणी काही म्हटलं नाही.

हे सगळं मी विंगेत बादली धरून पाहिलं.

हॉल मिळाला. कल्पना फार सुंदर आहे, असं ग्रंथपालबाई म्हणाल्या. मी म्हणणार होतो की मूळ कारण मी. ही तिथेच उभी होती, म्हणून म्हटलं नाही.

३० एप्रिल
मेव्हणा अजून हिरवा. चष्म्याच्या दुकानात काम करतो, दोन दिवस रजेवर आहे. मी ते तेल घेऊन त्याच्याकडे गेलो. दुकानात शिरताच दुकानदारीणबाईंनी बाटली पुढे केली होती. त्याला खुर्चीत बसवून कापसानं कान पुसले, मग मान. त्यानं डोळे मिटले होते. म्हणाला, भावजी, नाटक वाचलं होतंत का?

म्हटलं, पहिला प्रवेश.

तो म्हणाला, डाव्या कानामागे राहिलंय.

१० मे
आनंदाची बातमी. सरड्याचा प्रयोग आता दर रविवारी, नव्या हॉलमध्ये. तोच, न बदलणारा. हिच्यापुढे पक्क्या हिरव्याचा विषय काढला. उरलेल्या बाटल्या आहेत, अनुभवही आहे. ही म्हणाली, हॉलला एसी आहे, आता कुठलाही रंग चालेल, मुलगी बघेल.

मला दुसरं काम दिलंय. दारात उभं राहून लोकांना मोबाइल बंद करायला सांगायचं. दिसतं तेवढं सोपं नाही. आवाज लागतो, रुबाब लागतो. आरशासमोर सराव केला.

१७ मे
सगळ्यांना सांगितलं. एकूण एक माणसाला. नाटक रंगात आलं, सरडा झुडपामागे श्वास रोखून बसला, हॉल चिडीचूप, आणि माझा वाजला. कर्ज हवंय का विचारायला बँकेतून होता. घाईत बंद करण्याऐवजी उचलला गेला आणि स्पीकरवर लागला. बँकेतली बाई नमस्कार म्हणाली. मुलांनी तिला नमस्कार केला.

ही विंगेतून खाली आली, माझ्या हातातला फोन घेतला, बंद केला आणि परत गेली.

घरी आलो. कुलूप उघडताना ही म्हणाली, पुढच्या रविवारपासून तुम्ही घरीच थांबा. घरी कुणीतरी हवंच.

हो म्हणालो. कशाला हवं, ते विचारलं नाही.