चांगुणाची फळी आणि पाण्याच्या टाकीचा उतार

एकलहरे वसाहत,
मार्च १९८४

आदरणीय जयरामदादा यांना सहादूचा जय भीम.

वहिनींचे गुडघे आता बरे असतील. कळवणला यंदा थंडी लांबली असं ऐकतो, तेव्हा सकाळी मफलर बांधत जा. मी बरा आहे. तुमच्या बहिणीला, चांगुणाला जाऊन वर्ष होत आलं आणि तुमचं पत्र नाही. परवा तुमच्या कुसाबाई मावशी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "जयराम सांगत फिरतो, सहादूनं आजारी बायकोला फळीवर घालून उतारावरून लोटून दिलं." लोटलं नाही, दादा. मी तिच्या पुढे बसलो होतो. म्हणून झालं ते सगळं लिहितो.

कंबरेखालचं अंग गेल्यावर तिची खाट मी खिडकीशी लावली होती. समोर पाण्याच्या टाकीपासून खाली बाजारापर्यंत डांबरी उतार आहे आणि तिथे वसाहतीतली पोरं फळीला बेरिंगची चाकं ठोकून केलेल्या गाड्यांवरून घसरत येतात. चांगुणा दिवसभर ते बघायची. एकदा म्हणाली, "अहो, मला त्या उतारावरून एकदा जायचंय." मी म्हटलं, चाकाची खुर्ची आणतो. तर म्हणाली, "खुर्ची तुम्ही ढकलणार. मला उचलतात, वळवतात, सरकवतात. मला कुणी न ढकलता जायचंय." मी डॉक्टरांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "धक्का बसू देऊ नका." नको म्हणाले नाहीत. का म्हणाले नाहीत, ते मला बाहेर आल्यावर कळलं.

आमचे शेजारी रंगनाथ, पॉवर हाउसात वेल्डर आहेत, त्यांना मी चाकांची फळी बनवायला सामील करून घेतलं. पहिली फळी खोक्याची होती. मी नुसता बसलो आणि ती मधोमध मोडली (रंगनाथ म्हणाले, फळीचा दोष नाही). दुसरी मजबूत पण आखूड; ती चटकन वळायची आणि तितक्याच चटकन उलटायची. उतारावर सरळ जायला फळी लांब हवी, हे माझं कोपर सोललं तेव्हा समजलं. शेवटी स्वयंपाकघरातली सागवानी मांडणी उतरवली. भांडी जमिनीवर आली, आणि चांगुणा खाटेवरून सांगत होती, "डबे घासून ठेवा, परत वर जायचेत." बेरिंगची चाकं डांबरावर घसरतात आणि हाडं खिळखिळी करतात, म्हणून नाशिकच्या भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून जुन्या ट्रॉलीची रबरी चाकं आणली. ब्रेक म्हणून मागे टायरचा तुकडा ठोकला.

आता अंगावर काय घालायचं, यावर आठ दिवस खल झाला. पिवळी हेल्मेटं पॉवर हाउसातली, औषधांनी तिच्या डोक्यावर केस राहिले नव्हते म्हणून आत टॉवेल. हातमोजे वेल्डिंगचे, कोपरापर्यंत. क्रिकेटचे पॅड वसाहतीच्या टीमकडून मिळाले, तर दोन्ही डाव्याच पायाचे. मी तिला बांधायला लागलो तशी म्हणाली, "मला कुठे कळणार आहे लागलेलं. तुम्हीच बांधा." मी ऐकलं नाही. शेवटी एक तिच्या पायाला, एक माझ्या. तिला लुगड्यानं माझ्या पाठीशी बांधलं, खाली चौपदरी गोधडी.

रविवारी दुपारी रस्ता रिकामा होता. रंगनाथांनी फळीखालचा दगड काढून घेतला, हात लावला नाही. फळी आपली आपण निघाली. अर्ध्या उतारावर ब्रेक जळल्याचा वास आला आणि मग ब्रेक नव्हताच. मी दोन्ही पायांनी रस्ता धरत होतो, चप्पल गेली, आणि पाठीमागे चांगुणा हसत होती. तसं हसणं मी लग्नानंतर ऐकलं नव्हतं. खाली सिंधुबाई भाजीवाल्या बसतात, त्यांच्या मेथीच्या ढिगात आम्ही जाऊन थांबलो. तिला ओरखडाही नाही. माझ्या हनुवटीला दोन टाके. सिंधुबाई शिव्या द्यायला उठल्या, हेल्मेटखालचा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "चांगुणाबाई, मेथी पाहिजे होती तर निरोप धाडायचा ना."

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी ती गेली. मूत्रपिंडं थकली होती, त्याचा फळीशी संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना तीनदा विचारलं, दादा, तिन्ही वेळा तेच म्हणाले. तरी तुमच्या मनात जे येतं ते माझ्याही मनात येतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती ती गोष्ट सांगायची आणि दर वेळी उतार वाढायचा. शेवटी शेवटी आम्ही नाशिकरोड स्टेशनपर्यंत गेलो होतो. तुम्ही आला असता तर तुम्हाला मनमाडपर्यंत ऐकायला मिळालं असतं.

वहिनींना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
सहादू

ता. क. तिला वर्ष होतंय म्हणून पुढच्या पौर्णिमेला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला आहे. तुमचं मन होत नसेल तर हरकत नाही, वहिनींना पाठवा.

दुसरा ता. क. हरकत आहे. तुम्हीच या. माफ करा असं म्हणत नाही. येऊन, समोर बसून, रागवा. चांगुणा गेल्यापासून या घरात मला कुणी रागावलेलं नाही.