भोईवाड्यातली फोर-बाय-फोर

३० मार्च, रविवार. पाडवा.
ठरलं. गाडी घ्यायची. साधी नाही, फोर-बाय-फोर. आई पाच वर्षं गावच्या गणपतीला गेलेली नाही. गुडघे. एसटी सोडते तिथून घरापर्यंत सगळी चढण, नुसते दगड आणि लाल माती, रिक्षावाले पायथ्यालाच हात जोडतात. आज श्रीखंड खाताना आई म्हणाली, "एकदा माजो गणपती बघूक व्हयो. मगे डोळे मिटले तरी चलात." तिथल्या तिथे शब्द दिला, या चतुर्थीला तुला आपल्या गाडीने थेट अंगणात उतरवतो. आईच्या डोळ्यांत पाणी. माझी बायको अपेक्षा, तिने चक्क अजून श्रीखंड वाढलं.
लायसन्स आहेच. कॉलेजात असताना काढलेलं. हात एकदा बसला की बसला.
आता एकच प्रश्न, पेट्रोल की डिझेल. आठवड्यात निकाल लावतो.

६ एप्रिल.
प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. व्हिडिओ बघतोय. पेट्रोलला पॉवर जास्त, डिझेलला टॉर्क. टॉर्क म्हणजे काय ते तिसऱ्या व्हिडिओत कळलं, चौथ्यात परत गेलं.

१५ एप्रिल.
ऑफिसातला यशोधन डिझेलवाला. दादरला राहतो, गाडी नाही, मतं भरपूर. म्हणाला, चढणीला डिझेलच, डोळे मिटून घे. पटलं. मग म्हणाला, पण शहरात कमी चालवलीस तर डिझेलचा फिल्टर तुंबतो. म्हटलं, मग पेट्रोल? म्हणाला, असंही नाही. उंटावरचा शहाणा. दुपार फुकट गेली.

३० एप्रिल, अक्षय तृतीया.
डिझेल बुक! डोकं एकदम हलकं झालं. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत पेढे वाटले. तळमजल्यावरच्या तात्यांनी, हे आमच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष, विचारलं, ठेवणार कुठे? म्हटलं, आवारात, मागे नळाजवळ. तात्या बराच वेळ चाळीच्या गेटकडे बघत राहिले. मग अजून एक पेढा घेतला.

१ मे.
डिझेल चूक झाली असं वाटतंय.

९ मे.
बुकिंग पेट्रोलवर बदललं. शोरूमच्या प्रितीमॅडम म्हणाल्या, नंबर शेवटी जाईल हां सर. म्हटलं, जाऊ दे. निर्णय योग्य असला की माणूस थांबू शकतो.

२० मे.
गावाहून दीपकचा फोन. धाकटा भाऊ, घर आणि कलमं तोच बघतो, गणपतीची पूजाही. चढणीचं काहीतरी सांगत होता, ग्रामपंचायत वगैरे. त्याला मध्येच थांबवून टॉर्क समजावला. अर्धा तास. अचानक फोन कट. गावाला रेंजचा प्रॉब्लेम आहेच.

२ जून.
परत डिझेल. प्रितीमॅडम हल्ली माझा फोन उचलल्यावर आधी श्वास सोडतात, मग हॅलो म्हणतात. अपेक्षा म्हणाली, बाजारात तुरी. म्हटलं, तुला इंजिनातलं कळत नाही. म्हणाली, तुला तरी कुठे कळतंय? या घरात उत्तेजन म्हणून मिळत नाही.

१५ जून, रविवार.
मंडळाची मीटिंग. साठावं वर्ष, म्हणून यंदा मंडप मोठा, नळाच्या अलीकडून थेट गेटपर्यंत. मी फोनवर दोन्ही इंजिनांची तुलना वाचत होतो. कोणीतरी अनुमोदन मागितलं, हात वर केला. टाळ्या! सार्वजनिक कामात धनेश परब कधी मागे नसतो.

१२ जुलै.
चाळीतली मंडळी मिळून एसटी बुक करतात, गावापर्यंत. त्यात अपेक्षाने सीट धरल्या. दोनच. तिची आणि आईची. दुखावलो. विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का? म्हणाली, पूर्ण आहे, म्हणून तर धरल्या. अर्थ लागला नाही.

२४ जुलै.
प्रितीमॅडमचा फोन. कुणीतरी कॅन्सल केलेली गाडी उभी आहे, घ्यायची तर आत्ता, नाहीतर दिवाळीनंतर. पेट्रोल. घेतली. माझं मत पहिल्यापासून पेट्रोलच होतं.

२९ जुलै, नागपंचमी.
आली! शोरूमच्या ड्रायव्हरने चाळीत आणून दिली. गेटमधून घेताना दोन्ही आरसे मिटावे लागले. त्याला घाम फुटला होता. मी बाजूने सूचना देत होतो, त्याचा उपयोग झाला असावा. आई गुडघे धरत एकेक पायरी खाली आली, ओवाळलं, बॉनेटवर हात फिरवून म्हणाली, "ही माका घेवन जातली." माझी छाती फुगली. स्टीअरिंगवर बसून फोटो काढले, गावच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, येतोय.

१ ऑगस्ट.
तात्या म्हणाले, रविवारी मंडपाचं लोखंड येतंय, तोवर गाडी रस्त्यावर काढ. म्हटलं, तात्या, दोन मिनिटांचं काम.

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ८.
काढणारच होतो. पण आवारात वळवायला जागा नाही, म्हणजे रिव्हर्सने काढायची. आरशात बघितलं तर गेट काडेपेटीएवढं. स्टार्ट केली. आवाज फर्स्टक्लास. बंद केली. नव्या इंजिनाला आराम लागतो असं कुठेतरी वाचलंय.

दुपारी १२.
पाऊस. ओल्या फरशीवर रिव्हर्स नको. ही गाडी चिखलातून, नदीतून जाते हे मान्य. प्रश्न गाडीचा नाही, शिस्तीचा आहे.

संध्याकाळी ५.
लोखंड आलं. तात्यांनी दोनदा हाका मारल्या. मी संडासात होतो. दोन्ही वेळा.

४ ऑगस्ट.
गेटपर्यंत खांब रोवले. गाडी मागे, नळाजवळ. तात्या म्हणाले, आता अनंत चतुर्दशीनंतरच. मी आवाज चढवला, एवढा मोठा मंडप घालायला सांगितलं कोणी? तात्यांनी चारचौघांत सांगितलं, कोणी ते. चाळीत माणसाला प्रायव्हसी नाही.

१६ ऑगस्ट.
आई रोज गॅलरीतून गाडीकडे बघते. तिला सांगितलं, तात्या ऐन वेळी एक बाजू मोकळी करून देणार आहेत. तात्यांशी अजून बोललेलो नाही.

१९ ऑगस्ट.
बोललो. तात्या हसले. लोक जमवून हसले.

२४ ऑगस्ट, रविवार.
एसटी सुटली. एक सीट रिकामी झाली होती. अपेक्षा म्हणाली, चल ना रे, गाडी काय पळून जातेय? एक क्षण वाटलं, चढावं. पण गावच्या ग्रुपवर फोटो टाकून बसलोय. एसटीतून पिशवी घेऊन उतरणार? कुठल्या तोंडाने? शिवाय मंडपवाले आरसा मोडतील, कोणीतरी हवंच. म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. आई खिडकीतून वाकून म्हणाली, "पाठसून ये हां, बाबू." म्हटलं, येतो. एसटी वळेपर्यंत तिचा हात बाहेर होता. फार वाईट वाटलं.

२५ ऑगस्ट.
अपेक्षाचा फोन. पोचल्या. त्या चढणीला मे महिन्यातच काँक्रीट झालंय. रिक्षा सरळ अंगणात! आई तुळशीजवळ उतरली. दीपक म्हणे तेव्हा फोनवर हेच सांगत होता. असो. काँक्रीटवरही फोर-बाय-फोर चालते.

२७ ऑगस्ट, चतुर्थी.
घर खायला उठलं. मागच्या जिन्याने उतरून गाडीत बसलो. काचा बंद केल्या की स्पीकरचा आवाज कमी येतो. एवढ्यात दीपकच्या फोनवरून आईचा व्हिडिओ कॉल. मागे मखर, समया, सगळे नातेवाईक. मला स्टीअरिंगवर बघून म्हणाली, "खंय पोचलस?" मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तोंडातून निघालं, पेण. ट्रॅफिक आहे. कोणाला संशय आला नाही, आपल्या हायवेची पुण्याई. आई म्हणाली, "सवकास ये. तुजा पान वाढून ठेवतंय."

२८ ऑगस्ट.
महाड.

२९ ऑगस्ट.
चिपळूण. रस्ता खणलाय असं सांगितलं. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली.

३० ऑगस्ट.
तात्या सांगायला आले, रात्रीच्या एसटीला एक जागा आहे, जा आईकडे. मनापासून सांगत होते, हसले नाहीत. पण आता एसटीने कसा जाणार? मी चिपळूणला आहे. तिथून गाडीशिवाय पुढे गेलो तर लोक विचारणार, गाडी कुठे सोडली? तात्यांना हे समजावता येईना. परत गाडीत जाऊन बसलो.

३१ ऑगस्ट. गौरी आल्या.
हातखंबा. वळणावर गाडी सुंदर धरते. पेट्रोल घेतली ते बरंच केलं.

१ सप्टेंबर.
कणकवली बोलून बसलो. आमच्यापुरता हायवे संपला. यापुढे फक्त गावचा फाटा आणि ती चढण. अजून हळू जायला हवं होतं. मागे कसं येणार? रिव्हर्सचाच प्रॉब्लेम आहे.

२ सप्टेंबर, संध्याकाळ.
गावचे गणपती गेले. आईचा फोन आला तेव्हा मी गाडीतच होतो. या वेळी खंय पोचलस विचारलं नाही. मीच सुरू केलं, आलोच गं, फाट्यावर आहे. ती म्हणाली, "बाबू, तुज्या पाठी मंडपाचो पडदो दिसता. पेणाक पन तोच होतो, चिपळुणाक पन तोच."
मागे वळून बघितलं. होताच.
मग तिने सांगितलं. सगळे दिवस घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, धनो वाटेर आसा. रोज माझं पान वाढायची. लोक गेले की गाईला घालायची. अपेक्षा, दीपक, सगळ्यांना दम दिला होता, माझ्या झिलाला कोणी हसायचं नाही. म्हटलं, आई, तुझा गणपती तुला आपल्या गाडीतून दाखवायचा होता गं. म्हणाली, "गणपती माका दिसलो. माका तू व्हयो होतस. गाडी कोणाक व्हयी होती?"
रडू आलं. काचा वर होत्या, तरी हुंदका बाहेर गेला असणार.
तिने रडू दिलं. मग म्हणाली, "शेजारच्या कमलाबायक फोन केलंय. ती तुजा ताट वाढून बसली आसा. आता उतर आणि जेव."
उतरलो.