नाल्याकडच्या पट्ट्यातली ज्वारी

बाबा, मघाशी आमच्या ट्रकचं चाक पंक्चर झालं म्हणून खाली उतरलो, तर बाजूच्या वावरात ज्वारी. एकीकडं पुरुषभर, दुसरीकडं गुडघ्याएवढी. ड्रायव्हर म्हणाला, "शेतकरी आळशी दिसून राहिला." मी वाकून माती बोटांत चोळली. ही खोड तुमची.

मग तुमचं नागपूरचं प्रयोगाचं वावर आठवलं. वरून सारं काळंभोर, पण नाल्याकडच्या पट्ट्यात वीतभर खाली मुरूम. तिथलं गवतसुद्धा आधी पिवळं पडायचं. तुमच्या शेतकी ऑफिसनं दुसरी जागा दिली नाही. वर्षानुवर्षं कणसं निवडून तुम्ही केलेली ज्वारी त्या साली संकरित वाणांशेजारी पेरायची होती. वावराचे चार भाग, प्रत्येकातला एक वाफा त्या पट्ट्यात जाणारच. कुठला वाण कुठं, ते चिठ्ठ्यांवर. बांधावर बसून तुम्ही चिठ्ठ्यांची टोपी पुढं केलीत. "तू काढ गा. माह्या हाताले माही ज्वारी ओळखू येते."

मी काढतो. पट्ट्यात तुमची ज्वारी. पुढच्या भागात पुन्हा तीच. तिसऱ्यांदाही तीच निघाली तेव्हा चिठ्ठी मुठीत दाबून मी म्हणालो, "बाबा, परत काढू?"

"काहून? मनासारखी निघेपर्यंत काढत बसाचं, तर चिठ्ठ्या कशाले? मीच नसती का मांडली?" आणि चक्क हसलात.

सुगीला साहेब जीपमधून उतरले. "हीच का तुमची ज्वारी? बकऱ्या तरी खातील का हो?" तुम्ही म्हणालात, "साहेब, तिथं जमीन... अजून एक वर्ष द्या." तोवर ते पुढच्या वाफ्याशी पोचले होते. पुढच्या साली ती पेरायची नाही, असं ठरलं.

उरलेलं बियाणं आईनं दळलं. चुलीपुढं बसून तुम्ही पहिली भाकर मोडलीत. "गोड आहे वं." मी ताटावरून उठलो. आई म्हणते, "पोट्ट्या, जेव नं, बस." मी सीताबर्डीवर आलो आणि मिळाला त्या ट्रकात चढलो. तेव्हापासून हिंडतोच आहे. धंतोलीच्या दवाखान्यात तुम्ही वारलात, तेही मला कुणाच्या तरी तोंडून, फार उशिरा कळलं.

तुम्ही म्हणाला असता, चिठ्ठी ती चिठ्ठी, त्यात पोराचा काय दोष. ठीक. पण हात माझा होता ना, बाबा.

चाक बसवून झालंय, ड्रायव्हर बोंबलून राहिला. हा कागद खिशातच राहील. एक मात्र सांगतो. आज टोपी पुढं केलीत, तर तुमची नजर चुकवून मी चिठ्ठी आधी उघडून बघीन.