एक कोटी एकोणऐंशी

शनिवार, ८ नोव्हेंबर. अपमानाची वेळ सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

नारायण पेठेतल्या आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात दर शनिवारी गणिताचे कोडे असते. आज केळकरांनी मोठ्याने विचारले, "एक कोटी एकोणऐंशी ही मूळ संख्या आहे का?" मी जन्मभर इंग्रजीतून गणित शिकवले. ऐंशी ऐकले, आठ लिहिला, पुढे नऊ. अंकांची बेरीज अठरा. म्हटले, "छे! नऊने भाग जातो. काहीतरी अवघड विचारा."

केळकर गोड हसले. "अहो बाई, तुम्ही एकोणनव्वद लिहिलंत. एकोणऐंशी म्हणजे सातावर नऊ. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. कॉन्व्हेंटात उजळणी नव्हती वाटतं?" सगळे हसले. वर म्हणे, पुढच्या शनिवारी माझी पाळी होती, ते कोडेही आता केळकरच घालणार!

घरी येऊन मोबाइलवर तपासले. मूळच निघाली मेली. पण मी म्हणते, सत्तरीतल्या संख्येने ऐंशीचे नाव लावायचेच कशाला? एकोणऐंशी! स्वतःच्या दारावर शेजाऱ्याची पाटी!

पाळी मी सोडणार नाही. उद्या सकाळीच केळकरांना चिठ्ठी देते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत शेवटी नऊ असलेले सगळे जर पुढच्याचे नाव लावतात, तर नव्व्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत? उत्तर लेखी हवे, शुक्रवारी सायंकाळी पाचच्या आत. नाही जमले, तर शनिवारचे कोडे माझेच.