मस्टँग विकणे आहे, घाई नाही

२३ ऑगस्ट, शनिवार

निर्णय घेतला. मस्टँग विकायची. निर्णय सर्वस्वी माझा. मीनलने फक्त सुचवलं, आणि गॅरेजच्या मालकिणीने सप्टेंबरअखेर गॅरेज रिकामं करायची नोटीस पाठवली, एवढंच. तोवर विकली नाही तर मीनल स्वतः भंगारवाल्याला फोन करणार म्हणे. बायकोने असं बोलू नये. सत्तर सालचं मॉडेल, व्ही-एट इंजिन, रंग अस्सल हापूस. चार वर्षं शनिवार-रविवार खपून माझ्या हातांनी रिस्टोअर केलेली. मी इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये गिअरबॉक्सची सिम्युलेशन्स करतो, त्यामुळे हात आपोआप बसलेला.

इंजिन सुरू व्हायच्या बेतात आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

जाहिरात लिहिली. वेबसाइट म्हणते, मजकूर कमी करा. यांना साहित्य कळत नाही. 'गाडी चालते का?' या चौकटीपाशी बराच अडलो. शेवटी 'तत्त्वतः' असं लिहिलं. जर्मनीत या शब्दाला फार मान आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक. वोल्फ्सबुर्गचे हर (म्हणजे श्रीयुत) कुनेर्ट. बघायला येणार म्हणून मीनलला पोहे करायला सांगितले. तिने सांगितलं, गाडीला बघायला येतायत, तूच कर. केले. खालून जरा लागले.

कुनेर्टना मोकळेपणाने विचारलं, घरी कोण कोण असतं, गॅरेज स्वतःचं की भाड्याचं, पावसात गाडी बाहेर ठेवणार नाही ना. आपली वस्तू कुणाच्याही घरात देता येत नाही. त्यांनी एक चक्कर मारून बघू का विचारलं. मी म्हटलं, आधी पोहे घ्या. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आणखी वाढले. जाताना पोह्यांचं कौतुक करून गेले. गाडीबद्दल काही बोलले नाहीत. भारावले असावेत.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती विसर्जन. बादलीत.

संध्याकाळी इंजिन लागतच होतं, तेवढ्यात बॅटरी गेली. अपूर्वा, आमची कन्या, वय वर्षं पंधरा, दारातून 'पापा, एस श्टिंक्ट' म्हणाली. वास येतोय म्हणे. येणारच. पेट्रोलची गाडी आहे, अगरबत्ती नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

हॅम्बर्गहून हर क्रूझ यांचा फोन. हे खरं गिऱ्हाईक! स्वतःचं वर्कशॉप आहे, आधीच्या तीन जुन्या गाड्या आहेत. चालत नसली तरी हरकत नाही, शनिवारी ट्रेलर घेऊन येतो म्हणाले. मला 'चालत नसली तरी' हे आवडलं नाही, पण माणूस सज्जन.

सज्जन आहे म्हणूनच पितृपक्षात गाडी द्यायला मन धजेना. नीट समजावून सांगितलं. हा पंधरवडा पूर्वजांचा, यात नवी खरेदी करत नाहीत, दसऱ्याला या. त्यांनी विचारलं, कुणाचे पूर्वज? माझे, म्हटलं. त्यांच्या स्वतःच्या पूर्वजांची काही हरकत नसावी असं ते म्हणाले. मी म्हटलं, तरीसुद्धा.

मीनलला सांगितलं, तेव्हा तिने लॅपटॉप बंद केला.

"शिरीष, दसरा दोन तारखेला आहे. गॅरेज तीसला जातंय."

हे माझ्या लक्षात होतंच. दोन दिवसांचा प्रश्न आहे. मालकीणबाईंशी बोलेन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बोललो. नाही म्हणाल्या. दसरा म्हणजे काय तेही ऐकून घेतलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. शुभ दिवस बघून सकाळीच क्रूझना फोन केला. त्यांनी दुसरी घेतली. निळी. त्या मॉडेलला निळा रंग शोभत नाही, हे त्यांना सांगितलं. थँक यू म्हणाले.

दिवसभर ऑफिसात मन लागलं नाही. उपास असल्यामुळे असेल. (मी उपास करत नाही. पण घरात वातावरण असतं.)

२६ सप्टेंबर, शुक्रवार

कार्बोरेटर पुन्हा उघडला. पुन्हा लावला. एक स्क्रू उरला. म्हणजे मुळात जास्तीचा असणार.

२७ सप्टेंबर, शनिवार

मीनलने मला न विचारता माझी जाहिरात काढून स्वतःची टाकली. दोन वाक्यं. 'सुंदर आहे. चालत नाही.'

दुपारपासून फोन थांबेना. खरं तर बाजार मीच तापवून ठेवला होता, हे कुणी लक्षात घेत नाही. ड्रेस्डेनच्या एक बाई, फ्राउ पोल, घेणार. त्यांचं केस कापायचं मोठं सलून आहे. इंजिन काढून टाकणार आणि गाडी आत ठेवणार. नंबर येईपर्यंत गिऱ्हाइकं तिच्यात बसतील.

रात्री जेवताना मीनलला विचारलं, 'सुंदर आहे' हे खपावी म्हणून लिहिलंस का.

"नाही. ती आहेच सुंदर," ती म्हणाली.

मग मला आमटीत काहीतरी शोधावं लागलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

फ्राउ पोल ट्रेलर घेऊन आल्या. गाडी गॅरेजमधून ट्रेलरपर्यंत न्यायची होती, आणि गल्लीला चढ. ढकलायला मीनल, अपूर्वा, फ्राउ पोल आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आलेले शेजारी. कुणीतरी आत बसून स्टिअरिंग धरायला हवं होतं. मी ढकलायला मागे गेलो, तर मीनलने हाताला धरून पुढे आणलं. म्हणाली, "तू बस."

बसलो. काच खाली केली. सीट जरा मागे घेतली. गाडी हलली. गॅरेजची भिंत सरकली, मग दार सरकलं, आणि समोर रस्ता आला. चार वर्षांत पहिल्यांदाच हिच्यात बसून रस्त्यावर आलो. ऊन पडलं होतं. मी कोपर खिडकीवर टेकलं.

चढ संपला तशी अपूर्वा मागून धापा टाकत ओरडली, "बाबा, ब्रेक!"

दाबला. जागच्या जागी थांबली. काय ब्रेक बसवलेत मी.